ब्युरेटचं वाचन खोडू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत गुणवंतांचे फोटो येतात. पेढा भरवणारे आईबाबा, शाळेचं नाव आणि खाली 'रोज आठ तास अभ्यास केला' अशी एक ओळ. त्या आठ तासांत वहीवर नेमकं काय केलं, हे कुणी विचारत नाही. हीच मुलं अकरावी सायन्सला जातात आणि दिवाळीपर्यंत केमिस्ट्रीपुढे हात टेकतात. हे मी ३४ वर्षं जवळून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्य तर पूर्ण छापावं.

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. बी.एस्सी. होऊन १९८६ साली कामाला लागलो, २०२० साली निवृत्त झालो. द्रावणं बनवायची, बाटल्यांना लेबलं लावायची, ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण थेंब थेंब सोडायच्या खुणांच्या काचनळीच्या, तोट्यांना व्हॅसलीन लावायचं, फुटलेल्या टेस्ट ट्यूबचा हिशेब ठेवायचा, हे माझं काम. मुलं मला मामा म्हणायची. शिकवायचं काम सरांचं आणि मॅडमचं. पण मूल बाकावर बसून मान डोलावतं तेव्हा त्याला किती कळलंय ते दिसत नाही. तेच मूल बर्नरपुढे उभं राहिलं की दोन मिनिटांत दिसतं.

परवा अप्पा बळवंत चौकात एका पुस्तकाच्या दुकानात होतो. शेजारी एक वडील आणि त्यांची अकरावीला गेलेली मुलगी. काउंटरवर दोन डायजेस्ट, एक गाइड, सीईटीच्या एमसीक्यूचे दोन जाडजूड ठोकळे. दुकानदाराने विचारलं, "टेक्स्टबुक देऊ?" वडील म्हणाले, "ते राहू द्या, क्लासच्या नोट्स मिळणार आहेत." मला राहवलं नाही. ओळख ना पाळख, तरी म्हटलं, "साहेब, यातलं एक कमी घ्या, पण बालभारतीचं पुस्तक आधी घ्या." ते जरा अवघडले. मुलीनेच हात पुढे करून पुस्तक घेतलं.

बालभारतीचं पुस्तक म्हणजे नापासांचं पुस्तक, असा एक समज पसरला आहे. वास्तविक बारावी बोर्डाची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं, आणि लेखी पेपर या पुस्तकाला धरूनच निघतो. सीईटीला रसायनशास्त्राचे ५० प्रश्न असतात, त्यांतले साधारण २० टक्के अकरावीवर आणि बाकीचे बारावीवर. हे वाचून 'मग अकरावीचं काय एवढं' असं म्हणणारे पालक मला भेटतात. त्यांना मी सांगतो, अकरावीचा रासायनिक समतोल नीट झाला नसेल तर बारावीचा आयनिक समतोल डोक्यावरून जातो. अकरावीचा रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनची देवघेव, कच्चा राहिला की बारावीची इलेक्ट्रोकेमिस्ट्री कच्ची राहते. पुस्तक विकत घेणं जमत नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते. घरच्या जुन्या लॅपटॉपवर उघडून बसलं तरी चालतं.

पण पुस्तक आणून पिवळ्या मार्करने रंगवलं म्हणजे वाचून झालं, असं नाही. पानं रंगवताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं, कारण समोरचं वाक्य ओळखीचं वाटत असतं. ओळखीचं वाटणं वेगळं आणि स्वतःहून आठवणं वेगळं. माझ्याकडे रविवारी शेजारपाजारची पाच-सहा मुलं येतात. त्यांना मी एकच सवय लावतो. कॉलेजात जो भाग झाला तो त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून एका कोऱ्या कागदावर लिहून काढायचा. व्याख्या, समीकरणं, आकृती, आठवेल ते. अडलं की अडलं तिथे जागा सोडायची. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं लाल पेनाने भरायचं. पहिल्या आठवड्यात कागद लालच लाल होतो आणि मुलं हिरमुसतात. हिरमुसू नये. कुठली पानं पुन्हा वाचायची ते त्या लाल शाईवरून कळतं. तोच भाग तिसऱ्या दिवशी पुन्हा, रविवारी पुन्हा, महिनाअखेरीस आणखी एकदा, दर वेळी कोऱ्या कागदावर. चौथ्या वेळी पंधरा मिनिटं पुरतात.

आता मोल. अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात मोल येतो आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडकतं. आमच्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत झाली आहे. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी गेल्या वर्षी अकरावीत होती. खाली आली आणि घडाघडा म्हणाली, "एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण." मी तिच्यापुढे पाण्याचं फुलपात्र ठेवलं आणि विचारलं, "यात किती मोल पाणी आहे?" ती गप्प.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. एका वाटीत १८ ग्रॅम पाणी मोजलं. चहाचे जेमतेम साडेतीन चमचे, वाटीचा तळ कसाबसा झाकला गेला. दुसऱ्या वाटीत ५८.५ ग्रॅम मीठ. तिसऱ्या भांड्यात ३४२ ग्रॅम साखर, त्याला मोठं पातेलं लागलं. तिन्ही ओट्यावर ओळीने ठेवली आणि म्हटलं, "या तिन्हींत एक-एक मोल आहे." ती बराच वेळ पातेल्याकडे आणि वाटीकडे आलटून पालटून बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा, डझनभर लिंबं आणि डझनभर नारळ." बरोबर. मिठात सुटे रेणू नसतात, सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांच्या जोड्या मोजायच्या असतात, हेही तेव्हाच सांगून टाकलं. त्यानंतर तिने फुलपात्रातलं पाणी मोजलं. १८० मिली भरलं. "दहा मोल," कागद न घेता म्हणाली.

हा प्रयोग कुठल्याही घरात पाच मिनिटांत होतो. खर्च काही नाही, साखर परत डब्यात जाते. तो केल्यावर मग गणितं. ग्रॅमवरून मोल, मोलवरून कण, मोलवरून वायूचं आकारमान, या तीन वाटा पायाखालच्या व्हायला पहिल्या महिन्यात निदान पन्नास गणितं हाताने सोडवावी लागतात. दर ओळीत एकक लिहायचंच. ग्रॅम भागिले ग्रॅम प्रति मोल केलं की मोल उरतो. उरत नसेल तर चूक कुठे झाली ते एककच सांगतं. एक सूचना इथे देऊन ठेवतो. शून्य अंश सेल्सिअस आणि एक अॅटमॉस्फिअर दाबाला एक मोल आदर्श वायू २२.४ लिटर भरतो, एक बार दाबाला २२.७ लिटर. एका पुस्तकात हा आणि दुसऱ्यात तो आकडा दिसला की मुलं गोंधळतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त प्रश्नात दाब कोणता दिलाय ते आधी वाचायचं.

लिमिटिंग रिएजंट हा दुसरा खड्डा. गणपतीत ज्यांनी मोदकाला मदत केली आहे त्यांना तो आधीच माहीत असतो. एकवीस मोदकांची उकड आहे आणि सारण सतराच मोदकांचं. मोदक किती होणार? सतरा, आणि उकड उरणार. सारण संपलं तिथे काम थांबलं, म्हणजे सारण हे लिमिटिंग रिएजंट. आता गणित घ्या. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती तयार होईल? निम्मी मुलं म्हणतात, हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपणार. पण ४ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे दोन मोल, आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे अर्धाच मोल. अर्ध्या मोल ऑक्सिजनला एक मोल हायड्रोजन लागतो. संपतो तो ऑक्सिजन. पाणी होतं १८ ग्रॅम, हायड्रोजन उरतो २ ग्रॅम. आधी २० ग्रॅम होतं, नंतरही २० ग्रॅम. ही शेवटची बेरीज दर वेळी करून पाहायची. ग्रॅमवर निकाल लावायचा नाही, आधी मोल करायचे, हे या एका गणिताने डोक्यात बसतं ते पुसलं जात नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट.

साल नक्की लिहीत नाही, पण १९९० च्या दशकातली गोष्ट आहे. बारावीची वीस जणांची बॅच. पोटॅशियम परमँगनेटची मोलॅरिटी, म्हणजे लिटरभर द्रावणात किती मोल, ते काढायचं होतं आणि समोर मोहर सॉल्टचं, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेटचं, ०.१ मोलर द्रावण. परमँगनेट ब्युरेटमधून सोडत जायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती मिली गेलं ते वाचायचं, यालाच टायट्रेशन म्हणतात. परमँगनेट आम्ही नेहमी ०.०२ मोलर ठेवत असू. आम्लात परमँगनेटचा एक आयन फेरसच्या पाच आयनांना पुरतो. त्यामुळे दहा मिली मोहर सॉल्टला परमँगनेटही दहा मिलीच्या आसपास लागतं. लिटरला ३.१६ ग्रॅम परमँगनेट घ्यायचं. त्या दिवशी दोन लिटर करायचं होतं, म्हणजे ६.३२ ग्रॅम. मी सवयीने ३.१६ ग्रॅमच तोललं आणि दोन लिटरपर्यंत पाणी भरलं. द्रावण निम्म्या ताकदीचं झालं. चूक सर्वस्वी माझी.

बॅच संपत आली. मी वह्या गोळा करत होतो. ९.९, १०.१, १०.०, सगळ्यांची वाचनं सुरेख जुळलेली. एक मुलगी मात्र अजून स्टँडपाशीच उभी होती. चेहरा रडवेला. "मामा, माझं काहीतरी चुकतंय. वीसच्या पुढे गेल्याशिवाय गुलाबी येतच नाही." तिच्या वहीत तीन वाचनं होती, २०.२, २०.१, २०.१. मी तिच्याकडून पिपेट, म्हणजे द्रावण मोजून उचलायची नळी, घेतलं, दहा मिली मोहर सॉल्ट काढलं, सल्फ्युरिक आम्ल घातलं आणि थेंब थेंब सोडत गेलो. १० गेलं, १५ गेलं. २०.१ ला फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. तेव्हा माझ्या डोक्यात सकाळचा तराजू आला.

तिने काढलेली मोलॅरिटी होती ०.००९९५. बाटलीत होती जवळपास तेवढीच. वीस जणांत बरोबर उत्तर तिचं एकटीचं होतं आणि बॅचमध्ये घाबरलेलीही तीच एकटी होती. मग मी वह्या पुन्हा नीट पाहिल्या. दोघांच्या पानांवर २०.२ रबराने खोडून १०.२ केलेलं होतं, खालचा दोन अजून पुसट दिसत होता. बाकीच्यांनी वरच्या वर्गाच्या जर्नलमधून आकडे उतरवले होते. मी सरांना माझी चूक सांगितली. सरांनी दुसऱ्या दिवशी पूर्ण बॅच पुन्हा उभी केली आणि त्या मुलीला पहिलं वाचन सगळ्यांसमोर घ्यायला लावलं.

ज्या दोघांनी खोडलं त्यांच्याबद्दल मला आजही जास्त वाईट वाटतं. त्यांना खरं दिसलं होतं. दिसलेलं खोडून त्यांनी 'यायला हवं' ते लिहिलं. आज मुलं घरी गणित करतानाही तेच करतात. पुस्तकामागचं उत्तर आधी पाहतात आणि मधल्या पायऱ्या ओढूनताणून तिथपर्यंत आणतात. उत्तर जुळलं, पण शिकणं झालंच नाही. माझ्याकडच्या मुलांना मी चुकांची वेगळी वही ठेवायला लावतो. चुकलेलं गणित जसंच्या तसं, न खोडता, आणि खाली एक ओळ, का चुकलं. 'मोलऐवजी ग्रॅम घेतले.' 'क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा आहे हे विसरलो.' 'प्रश्नात मिली होते, लिटर केले नाहीत.' तीन महिन्यांनी ती वही चाळली की लक्षात येतं, चुका पन्नास असल्या तरी कारणं पाच-सहाच आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला यापेक्षा चांगलं पुस्तक नाही.

याच कारणासाठी प्रात्यक्षिकांची जी दशा झाली आहे तिची मला काळजी वाटते. हल्ली काही ठिकाणी मुलं कॉलेजात नावापुरती असतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. प्रयोगशाळा उघडते ती जानेवारीत. दहा-बारा प्रयोग एका आठवड्यात उरकायचे, जर्नल एकाचं बघून दुसऱ्याने लिहायचं, तोंडीची उत्तरं कागदावर मिळतात ती पाठ करायची. ३० गुण हातात पडतात, पण ७० गुणांच्या पेपरातला अर्धा भाग समजायचं ठिकाण गमावलं जातं, हे पालकांच्या ध्यानात येत नाही. परमँगनेटचं ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन घ्या. आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून घ्यायचं. पहिले थेंब पडले की रंग जायला वेळ लागतो, मुलं घाबरतात. मग अचानक रंग झपाझप जायला लागतो, कारण अभिक्रियेतच तयार झालेला मँगनीजचा आयन तिला वेग देतो. बारावीच्या केमिकल कायनेटिक्समधला उत्प्रेरक असा फ्लास्कमध्ये डोळ्यांसमोर काम करताना दिसतो. हे पाहिलेल्या मुलाला 'ऑटोकॅटॅलिसिस' हा शब्द पाठ करावा लागत नाही. तिथे हायड्रोक्लोरिक न वापरता सल्फ्युरिकच का घालायचं हेही मुलं विचारतात, आणि परमँगनेट हायड्रोक्लोरिकमधून क्लोरीन बाहेर काढतं हे उत्तर त्यांच्या लक्षात राहतं.

पालकांनी मुलाला रोज 'किती मार्क पडले' विचारण्याऐवजी आठवड्यातून एकदा 'या आठवड्यात प्रयोगशाळेत काय केलंस' एवढं विचारावं. उत्तर तीन आठवडे 'काही नाही' असं आलं तर कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटावं. फी भरताना जेवढा वेळ काढतो तेवढा यालाही काढावा.

आता सेंद्रिय रसायनाकडे येतो. मुलांना त्याची सर्वांत भीती, आणि माझ्या मते भीतीचं सर्वांत कमी कारण तिथे आहे. चूक एवढीच होते की मुलं अभिक्रिया सुट्या सुट्या पाठ करतात. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान घ्या, मागची कोरी बाजू. मधोमध इथेनॉल लिहा. तिथून बाण काढा. थायोनिल क्लोराइडने क्लोरोइथेन. पीसीसीने (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेटने) इथेनाल, तिथेच थांबतं. आम्लयुक्त डायक्रोमेटने थेट इथेनॉइक आम्लापर्यंत. आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे दोन बाण काढा. ४१३ केल्विनला डायइथिल ईथर, ४४३ केल्विनला इथीन. तेच अल्कोहोल, तेच आम्ल, फक्त तीस अंशांचा फरक आणि बाटलीत पदार्थच वेगळा. बाणावर लिहिलेलं तापमान मुलं शोभेचं समजून सोडून देतात, आणि नेमकं तेच विचारलं जातं. ते पान भिंतीला चिकटवा, दर रविवारी पुसून, म्हणजे नव्या पानावर, पुन्हा काढा. रचनासूत्रं रोज हाताने काढायची. कार्बनचे चार हात मोजायचे. पाच झाले की कुठेतरी चुकलंय.

अकार्बनी भागाबद्दल थोडक्यातच. आवर्तसारणीची पाठांतराची गाणी करून उपयोग नाही. मेंडेलीव्हने १८६९ साली ती मांडली तेव्हा काही जागा रिकाम्या ठेवल्या आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगितले. त्यांतलं गॅलियम १८७५ साली आणि जर्मेनियम १८८६ साली सापडलं. मुलांनीही तसंच करावं. गटातल्या दोन मूलद्रव्यांची माहिती वाचून तिसऱ्याची अंदाजाने लिहावी, मग पुस्तकाशी ताडून पाहावी. अपवाद तेवढे वेगळ्या कागदावर. क्रोमियम आणि तांब्याची इलेक्ट्रॉन मांडणी, असे थोडेच असतात.

बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. लॉग टेबल वापरायची सवय जूनपासून लावावी, फेब्रुवारीत नव्हे. दोनचा लॉग ०.३०१० आणि तीनचा ०.४७७१ एवढे दोन जरी तोंडपाठ असले तरी पीएचची, म्हणजे आम्लतेच्या मापाची, कितीतरी गणितं तोंडी होतात. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच म्हणजे तीन वजा ०.३०१०, २.७ च्या जवळ.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक परिच्छेद वेगळा लिहितो, कारण त्यांचं दुःख मी फार पाहिलं आहे. पुरंदर तालुक्यातला एक मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. वर्गात सरांनी विचारलं, "व्हॉट इज रिडक्शन?" तो उभा राहून म्हणाला, "क्षपण. इलेक्ट्रॉन मिळवणं." अचूक उत्तर होतं. मागचे दोघेतिघे हसले. तो मुलगा नंतर महिनाभर तोंड उघडेना. माझ्याकडे टेस्ट ट्यूब घ्यायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुला विषय येतोय, फक्त नावं दोन झाली आहेत." त्याला एक छोटी वही दिली. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला वर्गातला शब्द, रोज पाच. मूलद्रव्य, एलिमेंट. संयुग, कंपाउंड. संयुजा, व्हॅलन्सी. अवक्षेप, प्रेसिपिटेट. आम्लारी म्हणजे बेस आणि क्षार म्हणजे सॉल्ट, इथे फार घोटाळा होतो, कारण पुष्कळांना क्षार म्हणजेच बेस वाटतं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त आहेत असं आपण घरी म्हणतो ना, तेच लक्षात ठेवायचं. रिडक्शन या शब्दाने इंग्रजी माध्यमाची मुलंही फसतात. 'रिड्यूस' म्हणजे कमी होणं, मग इलेक्ट्रॉन वाढतात कसे? कमी होतो तो ऑक्सिडेशन नंबर, कारण इलेक्ट्रॉनवर ऋण भार असतो. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाने लाजून गप्प बसू नये. समजून घेणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत, हे दोन्ही एकत्र चालतं. तो मुलगा सहा महिन्यांत ती वही बाजूला ठेवून बोलायला लागला.

पुण्यात राहणाऱ्या मुलांचं एक भाग्य आहे आणि ते त्यांना माहीत नसतं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासून. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे मुलांना आत जाऊन पाहता येतं. शेजारीच आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, आहे. एकदा तरी जाऊन यावं, पुस्तकातल्या पॉलिमरवर माणसं आयुष्य घालवतात हे डोळ्यांनी पाहिलं की त्या प्रकरणाकडे बघायची नजर बदलते. घरबसल्या पाहायचं तर कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे सिम्युलेशन फुकट आहेत. समीकरण संतुलित करणं, अणू बांधणं, आम्लाची तीव्रता बदलून पाहणं, सगळं बोटाने हलवता येतं. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहायला माझी ना नाही. पण शिक्षकाने गणित लिहिलं की तिथे व्हिडिओ थांबवायचा, स्वतः सोडवायचं, मग पुढे जायचं. नुसतं बघत राहिलं तर दुसऱ्याने पोहलेलं पाहून आपल्याला पोहता येत नाही, तसं होतं.

घरी प्रयोग करावेत का, असं पालक विचारतात. जरूर करावेत. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा, साबणाचं पाणी लावलं की लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. कुंकू हळदीला चुना लावून करतात ते याच कारणाने. चिंचेने तांब्याचा तांब्या का चकचकतो ते मुलालाच शोधू द्या. पण बाथरूम धुवायचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही, कुठल्याही कारणाने एकत्र करू देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. हे मी प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

संपादक महोदय, एक विनंती. पुढच्या वर्षी गुणवंतांच्या मुलाखती छापाल तेव्हा तासांच्या आकड्याबरोबर त्यांच्या वहीचं एक पान छापा. शक्य तर चुकलेलं पान.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आता बारावीत आहे. या रविवारी ती खाली येणार आहे, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सुरू करण्याआधी रेडॉक्स पुन्हा पक्कं करायचंय म्हणाली. परमँगनेट आणि फेरसचं पूर्ण समीकरण मी तिला फळ्यावर संतुलित करायला सांगितलं आहे. डस्टर मी कपाटात ठेवून दिलं आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
कसबा पेठ, पुणे